कोकणात मोठेपणी सायकल घेताय? या चुका टाळा

चाळिशीच्या पुढेमागे डॉक्टर व्यायाम करा म्हणतात, कुणीतरी सुचवतं की चालण्यापेक्षा सायकल बरी, गुडघ्यावर वजन येत नाही, आणि सायकल घरी येते. चिपळूण-रत्नागिरीपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंत हे आता सगळीकडे दिसतं. आणि सहा महिन्यांनी तीच सायकल पडवीत उभी, चेन गंजून लाल, टायर बसलेले, हँडलवर टॉवेल वाळत घातलेला, हेही तितकंच दिसतं. माणसं म्हणतात आता वय झालं, आपल्याच्याने होत नाही. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा वयाचा काही संबंधच नसतो, सायकल घेतलेली असते शहरातल्या सपाट रस्त्याच्या हिशोबाने आणि चालवायची असते आपल्या चढउतारावर नि खाऱ्या हवेत. कोकणात सायकल घेताना आधी दोन गोष्टी बघा, चढाला तिचा गिअर किती हलका होतो आणि गंजापासून ती जपता कशी येईल. रंग, ब्रँड, शॉकअप हे सगळं त्यानंतर.

गिअर किती आहेत ते विचारणं, दात न मोजणं

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, किती गिअरची आहे? 21 गिअर म्हणजे पुढे 3 चकत्या आणि मागे 7, बस एवढंच, त्यावरून चढ चढेल की नाही ते कळत नाही. बघायचे असतात दात. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे, खाली बसून सरळ मोजा. दोन्हीकडे 28 असतील तर पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. पुढे 28 आणि मागे 34 असतील तर चाक एका फेऱ्यापेक्षाही कमी फिरतं, म्हणजे चढाला अजून हलकं. बिनगिअरच्या सायकलला समजा पुढे 44 आणि मागे 18 दात असले तर एका पॅडलला चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, ते बाजारपेठेत नि सपाटीला छान, पण घाटी आली की उतरून ढकलावंच लागतं.

आणि आपल्याकडे घाटी येतेच. सागरी रस्ता नकाशावर किनाऱ्याला धरून जाताना दिसतो पण चालवायला घेतला की तो आधी खाडीवर उतरतो, पूल नाहीतर फेरीबोट, मग परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीने खाडी ओलांडलीत की जेटीवरून चढच सुरू होतो. रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे जेमतेम 25 किलोमीटर, नवीन माणसाला वाटतं सकाळी जाऊन येऊ, आणि मधल्या चढांवर दम निघतो. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याने मागे-पुढे दात बरोबरीचे असतील किंवा मागे जास्त असतील अशीच सायकल घ्यावी, यात तडजोड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बारीक टायरची रोड बाईक कितीही देखणी असली तरी पहिली सायकल म्हणून नको.

गिअर असूनही वापरायचा चुकतो तो असा, चढ अंगावर येईपर्यंत जड गिअरवर रेटायचं आणि पाय अडकले की मग खटका दाबायचा. त्या वेळी चेनवर पूर्ण जोर असतो, ती कडाकड वाजते, निसटते, कधी तुटतेसुद्धा. चढ समोर दिसला की आधीच हलका करा, बदलताना पॅडल फिरतं ठेवा पण जोर काढून घ्या. पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी अशी तिरकी चेन चालवू नका, ती लवकर झिजते. चढावर पाय भरभर आणि हलके फिरले पाहिजेत, मिनिटाला साठेक फेरे तरी, श्वास लागला तरी चालेल, मांड्या पेटल्या की समजा गिअर जड आहे.

26 इंच हे तुमचं माप नाही

26, 27.5, 29 हे आकडे चाकाचे असतात. तुमच्या अंगाचं माप म्हणजे फ्रेमचं माप आणि ते वेगळं असतं, एकाच 26 च्या चाकावर लहान-मोठ्या फ्रेम येतात. ऑनलाइन मागवताना लोक इथेच फसतात. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहून बघा, दांडा आणि तुमच्यामध्ये इंच-दोन इंच जागा हवी, आणि सीटवर बसल्यावर हँडलपर्यंत पोचताना कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. साडी नेसून चालवायची असेल किंवा पाय उंच उचलताना त्रास होत असेल तर खाली वाकलेल्या दांड्याची फ्रेम घ्या, पुरुषांनीही घ्यायला काही हरकत नाही, साठीनंतर तर तीच बरी.

घेताना अजून एक विचारा, ही ट्यूब आपल्या तालुक्याला मिळते का? व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक लांबट व्हॉल्व्ह असेल तर वेगळा पंप किंवा छोटा अडॅप्टर जवळ ठेवावा लागतो, आणि रविवारी आडगावात पंक्चर झाल्यावर ते समजून उपयोग नाही.

स्वस्तातला शॉकअप

खड्डे आहेत म्हणून पुढे-मागे शॉकअपवाली घेतात. कमी किमतीच्या सायकलचा शॉकअप म्हणजे आत एक स्प्रिंग, वजन भरपूर, चढावर तुम्ही पॅडल मारता ती ताकद त्याच्या वर-खाली होण्यात जाते, आणि खाऱ्या हवेत वर्ष-दोन वर्षात तो जाम होतो तो वेगळाच. साधा सरळ फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि जरा रुंद टायर, 40 मिलिमीटरच्या आसपास किंवा 1.75 ते 2 इंच, हे आपल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्याला पुरतं. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर पीएसआयमध्ये लिहिलेलं असतं, कमीत कमी ते जास्तीत जास्त, त्याच्या मधे ठेवा, आणि दर आठवड्याला भरा कारण ती आपोआप कमी होत राहते. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

सीट खाली ठेवणं

दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली घेतात आणि महिन्याभरात गुडघा दुखतो, मग सायकललाच दोष. शिकेपर्यंत खाली ठीक आहे, एकदा तोल आला की वर घ्या. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने पॅडल मारताना गुडघा जरासा वाकलेला राहतो, तेच हवं. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे, मागून दुखत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, ते आडवं सपाट करा. बूड दुखतं म्हणून जाड मऊ कव्हर चढवतात, तासाभराच्या पुढे त्याने उलट जास्त दुखतं, पहिले पंधरा दिवस दुखणारच, मग कमी होतं. बीपी, शुगर किंवा हृदयाचं काही असेल तर चढाला लागण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि ज्यांनी लहानपणी सायकल शिकलीच नाही, आपल्याकडे अशा कितीतरी बायका आहेत, त्यांनी मागे कुणी कॅरिअर धरून पळतंय अशा पद्धतीने शिकू नये. दोन्ही पॅडल काढून टाका (डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं), सीट पाय टेकतील इतकी खाली करा आणि शाळेच्या मैदानात पायाने ढकलत ढकलत घसरा. तोल आधी येतो, पॅडल मग लावायचं. पडण्याची भीती निम्म्याहून कमी होते, कारण पाय कायम जमिनीजवळच असतात.

खारी हवा आणि पुळणीवरची सायकल

ओहोटीला पुळण ओली आणि घट्ट असते, गुहागर असो की दिवेआगर, मोह होतो सायकल घालायचा. घालू नका असं मी म्हणत नाही पण घातलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मीठ आणि वाळू चेनमध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये, ब्रेकच्या वायरीत शिरते आणि रात्रभरात चेनवर लाली दिसते. ॲल्युमिनियमची फ्रेम लोखंडासारखी गंजत नाही हे खरं, पण चेन, चाकाच्या तारा, बोल्ट, ब्रेकच्या वायरी पोलादाच्याच असतात ना, त्या गंजतात. धुताना बादली आणि तांब्या घ्या, गाडी धुवायच्या जोरदार फवाऱ्यासमोर सायकल धरू नका, त्याने पाणी बेअरिंगमधल्या ग्रीसपर्यंत पोचतं.

चेनला घरातलं खोबरेल किंवा गॅरेजमधलं जळकं ऑइल घालतात. खोबरेल थंडीत थिजतं आणि धूळ धरतं, जळक्या ऑइलमध्ये धातूचा कीस असतो. सायकलच्या चेनचं ऑइल मिळतं ते आणा, पावसाळ्यासाठी जरा घट्ट. आधी फडक्याने चेन पुसा, पॅडल उलटं फिरवत प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं ऑइल पुन्हा पुसून काढा कारण बाहेर राहिलेलं फक्त लाल माती गोळा करतं. गंज सोडवायचा स्प्रे हे काही ऑइल नाही, तो मारला तर वरून ऑइल घालावंच लागतं. आणि डिस्क ब्रेक असेल तर स्प्रे नि ऑइल डिस्कपासून लांब ठेवा, एक थेंब पुरतो, ब्रेक किंचाळतो आणि लागतच नाही, मग पॅड बदलावे लागतात.

चेन झिजली का हे फुटपट्टीने कळतं. चांगल्या चेनच्या बारा कड्या, म्हणजे एका पिनपासून चोवीस पिना पुढे, बरोबर 12 इंच. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला की चेन बदला, आठवा भाग होईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चकत्यांचे दातही गेलेले असतात आणि चढावर नवीन चेन घसरायला लागते. सीटचा दांडासुद्धा वर्षातून एक-दोनदा काढून ग्रीस लावून बसवा, लोखंडी दांडा ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये खाऱ्या दमटपणात असा चिकटतो की मेकॅनिकच्याही हाताबाहेर जातो. जुनी सायकल घेत असाल तर हीच परीक्षा पहिली करा, दांडा वर-खाली होत नसेल तर सोडून द्या.

पाऊस, उतार आणि वारा

रिमवर घासणारा ब्रेक असेल तर पावसात पहिले काही फेरे तो नुसतं पाणी पुसतो, मग धरतो, म्हणून उतारावर लवकर दाबायला लागा. पुढचा ब्रेक भीतीने वापरतच नाहीत, थांबवण्याची खरी ताकद त्याच्यात असते, दोन्ही मिळून हळूहळू दाबा आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नव्हे. नवीन सायकलला उजव्या हाताला पुढचा ब्रेक आहे का तपासून घ्या, जोडताना कधीकधी उलटे लावतात. जेटीचे उतार, फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प, शेवाळलेल्या मोऱ्या इथे उतरून चाला. पाणी भरलेल्या खड्ड्यात घालू नका, खोली दिसत नाही. अंधार पडला की मागे लाल लाइट लागलाच पाहिजे, रस्त्यावर बसलेली गुरं दिसण्यासाठी पुढेही चांगला उजेड हवा. हेल्मेट, लाइट, पंप नि कुलूप यांचे पैसे सायकलच्या बजेटमधून आधीच बाजूला काढा.

घाम आपल्याकडे वाळत नाही, म्हणून तहान लागायची वाट बघू नका, तासाभराच्या वर जायचं असेल तर पाण्यासोबत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत घ्या आणि उजाडता उजाडता निघा. हिवाळ्यात नि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, बहुतेक वायव्येकडून. किनाऱ्याने जाणार असाल तर सकाळी वारा पडलेला असताना उत्तरेकडे जा आणि परतताना दक्षिणेकडे या, तो पाठीवर मिळतो. उलट केलंत तर दमलेले असताना शेवटचे दहा किलोमीटर समोरच्या वाऱ्यावर काढावे लागतात.