रस्त्याची बातमी करायचीय? आधी कागद मागवा

गावातला रस्ता पहिल्याच पावसात उखडला की सगळे फोटो टाकतात, दोन दिवस बोंबाबोंब होते आणि विषय संपतो, कारण नुसत्या फोटोला कोणी उत्तर देत नाही, कागदाला द्यावं लागतं. म्हणून माहिती अधिकार कायदा २००५ वापरा, त्यासाठी पत्रकार असायची गरज नाही.

साध्या कागदावर अर्ज लिहा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि ज्या कार्यालयाने रस्ता केला तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे (असे अर्ज घेऊन उत्तर देणारा अधिकारी) देऊन पोच घ्या, पोच विसरू नका बरं का. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. "रस्ता का खराब झाला" असं विचारू नका, कागद मागा: अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, बिलं आणि मोजमाप पुस्तिका. खरी गंमत या पुस्तिकेत असते, खडीचा थर किती जाडीचा टाकला ते त्यात लिहिलेलं असतं, मग उखडलेल्या कडेला पट्टी लावून फोटो काढा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, म्हणजे त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागणारा अर्ज, करा. माझ्या पहिल्या अर्जाला काहीच आलं नव्हतं, अपील केल्यावर आठवड्यात कागद मिळाले.

छापायच्या आधी ठेकेदार आणि इंजिनिअर दोघांनाही फोन करा, त्यांचं म्हणणं बातमीत घ्याच, आणि मजूर किंवा कर्मचाऱ्याने आतली माहिती दिली असेल तर त्याचं नाव कुठेही येऊ देऊ नका, त्याची नोकरी जाऊ शकते.