वजन कमी करताना नाश्ता: खायचा की नाही हे नंतर, आधी बाऊलमध्ये काय आहे ते बघा

वजन कमी करायचंय असं तोंडातून निघालं की पहिला सल्ला येतो "नाश्ता अजिबात चुकवू नकोस" आणि त्याच आठवड्यात दुसरं कोणीतरी सांगतं की दुपारी बारापर्यंत तोंडात काही घालूच नकोस. मी दोन्ही करून बसलेय. आधी वर्षभर नेमाने 'हेल्दी' नाश्ता केला आणि वजन दीड किलोने वाढलं, मग चिडून तीन महिने नाश्ताच बंद केला तर रात्री दहाला फ्रिजचं दार उघडून उभ्याउभ्या खायला लागले. त्यामुळे आता कोणी नाश्त्याबद्दल छातीठोकपणे बोलायला लागलं की मी आधी विचारते, नाश्ता म्हणजे नक्की काय खाताय ते सांगा.

हे लिहितेय ते मोठ्या माणसांसाठी, ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर गेलाय त्यांच्यासाठी. वाढत्या वयाची मुलं, गरोदर बायका यांचं गणित वेगळं असतं, ते इथे नको.

आधी वादाचा निकाल लावून टाकू म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. नाश्ता हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं जेवण, हे वाक्य १९१७ च्या सुमाराला ज्या मासिकात छापून आलं त्याचे संपादक होते कॉर्नफ्लेक्सवाले जॉन हार्वी केलॉग, आता यावरून काय समजायचं ते समजा. अमेरिकेत वजन कमी करून ते टिकवलेल्या लोकांची एक मोठी नोंदवही आहे, त्यातले ७८ टक्के लोक रोज नाश्ता करतात, आणि हा आकडा सगळीकडे फेकला जातो. पण जी माणसं रोज नाश्ता करतात ती बऱ्याचदा वेळेवर झोपतात, सिगरेट कमी ओढतात, चालायला जातात, मग वजन नाश्त्यामुळे उतरलं की बाकीच्या शिस्तीमुळे हे नुसत्या नोंदीवरून कसं कळणार? म्हणून प्रत्यक्ष प्रयोग केले. २०१४ मध्ये वजन जास्त असलेल्या ३०९ जणांना वेगवेगळ्या गटांत टाकून काहींना सांगितलं नाश्ता करा, काहींना सांगितलं करू नका, १६ आठवड्यांनी बघितलं तर वजनात फरक नाही. २०१९ मध्ये अशा १३ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात नाश्ता करणारेच दिवसाला साधारण २६० कॅलरी जास्त खात होते आणि त्यांचं वजन किंचित, म्हणजे अर्धा किलोच्याही आत, जास्त भरलं.

मग नाश्ता सोडावा का? तेही नाही. २०२० मध्ये ११६ जणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, एका गटाने फक्त दुपारी बारा ते रात्री आठ खायचं आणि दुसऱ्याने रोजच्यासारखं तीन वेळा, शेवटी दोघांच्या वजनात लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता.

म्हणजे खायचं की नाही यावर काही अडलेलं नाही. बाऊलमध्ये काय आहे, किती आहे आणि ते खाऊन संध्याकाळी तुम्ही कसे वागता, इथे घोडं पेंड खातं.

आता कामाचं. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. सकाळी काय खाल्लं, आणि अकरा वाजता, पाच वाजता आणि रात्री जेवणानंतर भूक किती होती याला पाचपैकी मार्क द्या. मोबाईलवर लिहा, कागदावर लिहा, कुठेही. सात दिवसांत दिसतं की आपली गडबड नेमकी कधी होते. माझी अकराला व्हायची, नाश्ता साडेआठला करून अकराला पोटात कावळे, आणि मग बिस्किटं.

दुसरं काम एकदाच करायचं पण सगळ्यात जास्त डोळे उघडतं ते हेच: किचनचा वजनकाटा आणा आणि रोजचा बाऊल रोजच्यासारखा भरा, हात आखडता न घेता, आणि मग मोजा. माझ्या म्यूसलीच्या, म्हणजे ओट्स आणि सुकामेव्याच्या मिश्रणाच्या, पाकिटावर एका वेळचं प्रमाण ४० ग्रॅम लिहिलं होतं. माझा बाऊल भरला ११२ ग्रॅम! काटा बिघडलाय म्हणून मी परत शून्यावर आणून मोजलं, तेच. म्हणजे साधारण ४३० कॅलरी नुसत्या म्यूसलीच्या, त्यावर २०० मिली दूध सव्वाशे, दोन चमचे मध चाळीसेक, शेजारी ज्यूसचा ग्लास एकशे दहा, एकूण सातशेच्या घरात, आणि मी कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये अडीचशे टाकत होते! वर त्या पाकिटावर धावणाऱ्या सडपातळ बाईचा फोटो, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा.

तिसरी गोष्ट प्रोटीन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या बाबतीत फरक इथेच पडला. प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि ते पचवायलाच त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, कर्बोदकांना ५ ते १० टक्के लागतात, फॅटला त्याहून कमी. सकाळी २० ते ३० ग्रॅम प्रोटीन हे धरून चालायला चांगलं टार्गेट आहे. हे ऐकायला सोपं वाटतं पण हिशेब करून बघा, एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ७, १०० ग्रॅम साध्या दह्यात साडेतीन, पाणी गाळून घट्ट केलेल्या दह्यात ९-१०, शिजवलेल्या कडधान्यात १०० ग्रॅमला ८-९. म्हणजे एक अंडं आणि कॉफी घेऊन "मी प्रोटीन खाते" असं म्हणून चालत नाही, दोन अंडी, शंभर ग्रॅम घट्ट दही आणि कडधान्याची छोटी वाटी झाली तर कुठे गाडी तिशीकडे सरकते. आणि पीनट बटरला कृपया प्रोटीन म्हणू नका, दोन मोठ्या चमच्यांत ७-८ ग्रॅम प्रोटीन असतं खरं पण सोबत १९० कॅलरी येतात, ते फॅटच आहे, चवीपुरतं खा.

अंड्यांवर एक प्रयोग २००८ चा आहे. ३४० कॅलरीचा नाश्ता, काहींना अंड्यांचा आणि काहींना बेगलचा, म्हणजे पावाचा, आठ आठवडे. अंडीवाल्यांचं वजन ६५ टक्के जास्त उतरलं. हे ऐकून लोक लगेच अंडी उकडायला लावतात पण अर्धी गोष्ट राहून जाते: ज्यांनी दिवसभराचं खाणंही कमी केलं होतं त्यांचंच उतरलं, बाकी सगळं तसंच ठेवून नुसती अंडी खाल्ली त्यांना वजनात काही फायदा झाला नाही. शिवाय प्रयोगाला पैसा अंडी उद्योगाकडून आला होता. तेव्हा अंडी खा पण चमत्काराची वाट बघू नका.

प्रोटीननंतर फायबर. ओट्सबद्दल एवढं कौतुक असतं ते त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या फायबरमुळे, दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल थोडं उतरतं हे नीट सिद्ध झालंय. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये दीडेक ग्रॅम मिळतं, म्हणजे निम्मं काम. पण ओट्स घ्यायचे ते जाड, साधे, ज्यांना शिजायला वेळ लागतो ते, गरम पाणी ओतलं की दोन मिनिटांत खीर होणारे फ्लेवरवाले नकोत, ते रक्तात साखर पटकन चढवतात आणि बरेचदा त्यात साखर आधीच घातलेली असते. कडधान्यांची आणखी एक गंमत, सकाळी मसूर खाल्ला तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते, डेव्हिड जेंकिन्स नावाच्या संशोधकाच्या टीमने हे १९८० च्या दशकातच दाखवलं होतं. डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी हे डोक्यात ठेवा.

साखरेचं गणित अगदी सोपं आहे, लेबलवर जेवढे ग्रॅम लिहिलेत त्याला चारने भागा, तेवढे चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर, त्यात मध आणि ज्यूससुद्धा धरून, शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. आता दोन चमचे साखर घातलेली कॉफी दिवसात तीन वेळा, झाले २४ ग्रॅम, कोटा संपला, अजून खाल्लं काहीच नाही. ज्यूस तर पिऊच नका, अख्खं संत्रं खा. संत्र्यात ६० कॅलरी आणि ३ ग्रॅम फायबर असतं, ज्यूसच्या ग्लासात तीनेक संत्री रिकामी होतात, फायबर चोथ्यात जातं आणि दोन मिनिटांत ग्लास संपतो, तीन संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच कंटाळा येतो.

सकाळी राजासारखं खाऊन रात्री हात आखडावा का, हा प्रश्न येतोच. २०१३ मध्ये ९३ बायकांवर प्रयोग झाला, सगळ्यांना १४०० कॅलरीच, पण एका गटाला सकाळी ७०० आणि रात्री २०० तर दुसऱ्याला उलट. १२ आठवड्यांनी सकाळवाल्यांचं ८.७ किलो आणि रात्रवाल्यांचं ३.६ किलो उतरलं. मोठा फरक आहे. पण २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला ३० जणांना सगळं जेवण मोजून पुरवून बघितलं तेव्हा दोन्ही प्रकारांत वजन सारखंच उतरलं, फक्त सकाळी जास्त खाल्लं की दिवसभर भूक कमी लागत होती. माझं मत विचाराल तर दुसऱ्या प्रयोगातली भुकेची गोष्टच कामाची. ज्यांचा तोल रात्री जातो त्यांनी सकाळी भरपूर खाऊन बघावं, ज्यांना सकाळी अन्न बघवतसुद्धा नाही त्यांनी स्वतःला जबरदस्ती करू नये, अकराला खा, फक्त ते अकराचं खाणं आधी ठरवून ठेवा नाहीतर हाताला जे लागेल ते पोटात जातं.

एक मात्र गंभीरपणे सांगते. डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मनाने नाश्ता बंद करू नका, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊन पडायला होतं, आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेत असाल तर नाश्ता आणि कॉफी अर्ध्या ते एक तासाने, दूध घेतलं तरी तोच नियम.

बदल काय करायचा ते ठरलं की दोन आठवडे तोच चालवा, रोज नवीन नवीन नको. वजन रोज एकाच वेळी करा पण आठवड्याची सरासरी काढून तीच बघा, कारण पाणी आणि मीठ यांनीच किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि आपण उगाच रडत बसतो. सोबत ते भुकेचे मार्क चालूच ठेवा. वजन जागचं हललं नाही पण अकराचे मार्क चारवरून दोनवर आले तर नाश्ता बरोबर आहे, गळती दुसरीकडे कुठेतरी आहे, ती शोधा. आणि टार्गेट छोटं ठेवा, ९० किलोच्या माणसाचे साडेचार किलो उतरले तरी बीपी आणि साखर सुधारायला लागते.

माझा वजनकाटा अजून ओट्याच्या कोपऱ्यात पडलेला असतो. रोज मोजायचा मला कंटाळा येतो पण दोन-तीन महिन्यांनी एकदा न सांगता, म्हणजे स्वतःलाच न सांगता, बाऊल भरून त्यावर ठेवते. मागच्या वेळी चाळीसचे पासष्ट झाले होते.