बारुदाच्या पितळी कुपीची खटकी जाम झाली होती, ती अशी सुटली

आजोबांच्या पेटीतली बारूद भरून ठेवायची पितळी कुपी, जुन्या बारुदाच्या रिव्हॉल्वरबरोबर असायची तसली. फोंड्याच्या पावसाळ्यात तिची वरची खटकी, म्हणजे बारूद ओतायचं तोंड उघडणारी कळ, जाम झाली, दाबली की आत जायची पण परत यायचीच नाही आणि स्प्रिंगभोवती हिरवी पूड. चिंच रात्रभर लावून ठेवली तर पितळ गुलाबी पडलं, आंबटाने वरचं जस्त निघून जातं. अमोनियावालं पॉलिश तर नकोच, इंग्रजांच्या काळात तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या मुतातून येणाऱ्या अमोनियाच्या वाफेनेच तडकायची. दोन महिने डोक्याला नुसता ताप.

शेवटी चाललं ते असं. आधी कुपीत कोमट पाणी भरून खळखळून ओतलं, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत, कारण आत राहिलेली जुनी बारूद आजही पेट घेते, तिच्यातला पेट धरवणारा क्षार, सोरा, विरघळला की ती भीती जाते. त्याआधी आच किंवा ड्रिल अजिबात लावू नका. पंख्याखाली रात्रभर सुकवली. मग खटकीच्या खिळीवर रॉकेलचे 4 थेंब, 2 दिवस तसंच, नंतर बांबूच्या काडीने हिरवी पूड खरवडत खटकी हळूहळू पुढेमागे केली, आणि टक्‌ करून परत आली! स्टीलच्या स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा 1 थेंब दिला. आता चामड्याच्या पिशवीत ठेवत नाही, त्यानेच हिरवं परत येतं, सुती कापडात ठेवते.