परिसरातल्या जीवनमानाबद्दल मतदारांचं सर्वेक्षण कसं करावं

सर्वेक्षण करायचं ठरलं की बहुतेक जण लगेच प्रश्न लिहायला बसतात. त्याआधी एक वाक्य कागदावर उतरवा: या उत्तरांवरून कोण, कोणता निर्णय घेणार आहे? पुढच्या वर्षीचा निधी रस्त्यांना द्यायचा की पाण्याला, हे ठरवायचं असेल तर प्रश्न वेगळे लागतात. उमेदवारांपुढे मागण्या मांडायच्या असतील तर वेगळे. ज्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी कुणाचा निर्णय बदलणार नाही, तो प्रश्न काढून टाका. लोक त्यांचा वेळ देतात, तो वाया घालवायचा आपल्याला हक्क नाही.

कुणाला विचारायचं

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या. चौकात भेटतील त्यांना विचारलं किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकली, तर उत्तरं पटापट येतात, पण ती बोलक्या, मोकळा वेळ असलेल्या किंवा आधीच चिडलेल्या लोकांची असतात. आकडा मोठा असला म्हणजे चित्र खरं असतं असं नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. जवळपास २४ लाख उत्तरं आली आणि लँडन हे उमेदवार जिंकणार असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी परवडणारे लोक कोण असतील, ते वेगळं सांगायला नको. शिवाय पत्र मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तरच पाठवलं नव्हतं.

म्हणून मतदार यादी घ्या आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निवडा. समजा यादीत ६,४०० नावं आहेत आणि तुम्हाला ४०० उत्तरं हवी आहेत. निम्मेच लोक उत्तर देतील असं धरून ८०० नावं निवडायची, म्हणजे दर आठवं नाव. सुरुवात १ ते ८ मधल्या कोणत्याही एका क्रमांकाची चिठ्ठी काढून करा. ५ निघाला तर ५, १३, २१ असं पुढे जायचं.

४०० उत्तरं का? नीट निवडलेल्या ४०० जणांच्या उत्तरांत साधारण ५ टक्क्यांची चूक अपेक्षित असते, खाली किंवा वर. शंभरपैकी ९५ वेळा खरा आकडा त्या पट्ट्यात सापडतो. १,००० उत्तरं घेतली तर ती चूक ३ टक्क्यांवर येते. बहुतेक स्थानिक कामांसाठी ४०० पुरतात.

आता पथ्य. निवडलेली व्यक्ती घरी नसेल तर शेजाऱ्याला विचारून अर्ज भरायचा नाही. संध्याकाळी या, सुट्टीच्या दिवशी या, निदान तीन फेऱ्या मारा. दिवसभर कामावर असणाऱ्याचा रस्त्याचा आणि बसचा अनुभव घरी असणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि नेमका तोच गळतो. घरातलं दुसरं कुणी ‘तिला काय विचारता, मी सांगतो’ म्हणालं, तर नम्रपणे पण ठाम राहा: ‘चिठ्ठीत त्यांचंच नाव निघालंय, दहा मिनिटं त्यांच्याशीच बोलते.’

प्रश्न कसे लिहायचे

एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. ‘रस्ते आणि पाणीपुरवठा समाधानकारक आहे का?’ याला रस्ते चांगले पण पाणी नाही असा माणूस काय उत्तर देणार? ‘वाढत्या कचऱ्यामुळे तुम्ही त्रस्त आहात ना?’ यात उत्तर आधीच भरलंय. समाधान विचारायचं तर ‘अत्यंत समाधानी’ ते ‘अत्यंत असमाधानी’ असे पाच पर्याय द्या, दोन्ही बाजूंना सारखे. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ हे पर्याय वेगळे ठेवा.

मताइतकाच अनुभव विचारा. ‘पाणी नियमित येतं का?’ यापेक्षा ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस पाणी आलं नाही?’ हा प्रश्न कितीतरी कामाचा. ‘अंधार पडल्यावर एकटं चालत जायला सुरक्षित वाटतं का?’ हाही असाच पायाचा प्रश्न आहे. स्त्री आणि पुरुषांची उत्तरं त्यात अनेकदा वेगळी निघतात.

एकूण आयुष्याबद्दलचा प्रश्न सगळ्यात आधी. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाची शिडी इथे उपयोगी पडते: सगळ्यात वरची १० क्रमांकाची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य तितकं चांगलं आयुष्य, सगळ्यात खालची ० म्हणजे वाईटात वाईट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? आधी खड्डे आणि कचरा विचारून मग हे विचारलं, तर उत्तरावर खड्ड्यांची सावली पडते. शेवटी एक खुला प्रश्न ठेवा: ‘इथली एकच गोष्ट बदलता आली, तर कोणती बदलाल?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

मत कुणाला दिलं, हे विचारू नका. कागदावर नाव लिहू नका, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळी, कुलपात ठेवा आणि काम संपल्यावर नष्ट करा.

छापण्याआधी दहा-पंधरा जणांवर प्रश्नावली वापरून बघा. जिथे माणूस ‘म्हणजे?’ असं विचारतो, तो प्रश्न पुन्हा लिहा. विचारणाऱ्यांना प्रश्न शब्दशः वाचायची सवय लावा आणि भरलेल्या दर दहांपैकी एका अर्जाची दुसऱ्या माणसाकडून फेरतपासणी करा.

उत्तरं वाचताना

आलेली उत्तरं यादीशी ताडून बघा. यादीत ज्येष्ठ २० टक्के आणि उत्तर देणाऱ्यांत ४० टक्के असतील, तर ज्येष्ठांचं प्रत्येक उत्तर अर्धं मोजायचं आणि इतरांचं सुमारे १.३३ पट.

सरासरीवर थांबू नका. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ गुण दिले, तरी सरासरी ३ येते. ३ मात्र कुणीच दिलेला नसतो. म्हणून किती जणांनी कोणता पर्याय निवडला ते दाखवा. पण फार बारीक तुकडेही करू नका, कारण १०० जणांच्या गटात अपेक्षित चूक १० टक्क्यांवर जाते.

अहवालात प्रश्न जसेच्या तसे, तारखा, किती जणांना गाठलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे सगळं छापा. यादीत नाव नसलेले लोक, म्हणजे मुलं आणि नव्याने राहायला आलेले, यात नाहीत हेही स्पष्ट लिहा. आकडे वरिष्ठांकडे द्याल त्याच आठवड्यात परिसरातल्या लोकांसमोरही ठेवा. ते त्यांचे आकडे आहेत.

वर्षभराने पुन्हा विचाराल तेव्हा शब्द तेच ठेवा, नावं मात्र नव्याने निवडा. दोन्ही वेळा ४०० उत्तरं असतील, तर सुमारे ७ टक्क्यांपेक्षा कमी फरकाला सुधारणा किंवा घसरण म्हणू नका.