एकाच ब्रशवर दोन-तीन ॲक्रिलिक रंग कसे भरावेत

कास पठारावरचा तेरडा किंवा सोनकी रंगवायला घेतलेल्या अनेकांची पाकळी सपाट दिसते. पाकळीवर ऊन पडले की तिची एक कड उजळते आणि दुसरी गडद राहते, हा फरक एका रंगाच्या फटकाऱ्यात येत नाही. तो आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ब्रशच्या दोन कोपऱ्यांवर दोन रंग घेऊन ते मध्यभागी एकमेकांत मिसळू देणे.

यासाठी पाऊण इंची चपटा, कृत्रिम केसांचा ब्रश घ्यावा. गोल ब्रशला कोपरे नसल्यामुळे त्यावर रंग वेगळे राहत नाहीत. ब्रश आधी पाण्यात बुडवून कापडावर टिपावा. केस ओलसर असावेत, परंतु त्यांतून पाणी गळू नये. पॅलेटवर किरमिजी आणि पांढरा रंग शेजारी काढावेत आणि दोन्हींचा घट्टपणा मऊ लोण्याइतका ठेवावा, कारण एक रंग पातळ असेल तर तो दुसऱ्याच्या बाजूला पसरतो. एक कोपरा किरमिजीत व दुसरा पांढऱ्यात बुडवून ब्रश पॅलेटच्या मोकळ्या जागेवर एकाच रेषेत पुढे-मागे फिरवावा. मध्ये गुलाबी पट्टा दिसेपर्यंत हे करावे. माझ्या मते संपूर्ण कृतीतील निर्णायक भाग हाच आहे: रंग पॅलेटवर मिसळले नाहीत, तर कॅनव्हासवर दोन स्वतंत्र पट्टेच उमटतात आणि नंतर कितीही घासले तरी ते सांधत नाहीत. उलट ब्रश आडवातिडवा फिरवला, तर दोन्ही कोपऱ्यांवर एकच रंग उरतो.

आता कोरड्या पार्श्वभूमीवर पांढरा कोपरा फुलाच्या मध्याशी टेकवून तो तिथेच ठेवावा आणि किरमिजी कोपरा त्याच्याभोवती अर्धवर्तुळात फिरवावा. एका फिरण्यात एक पाकळी पूर्ण होते. दोन-तीन पाकळ्यांनंतर रंग विरळ झाला, की ब्रश न धुता प्रत्येक कोपऱ्यावर त्याचाच रंग पुन्हा घेऊन पॅलेटवर फिरवावा.

तिसरा रंग घ्यायचा असल्यास पानापासून आरंभ करावा: गडद हिरवा आणि पोपटी मिसळून झाल्यावर पोपटी कोपऱ्याच्या टोकाला किंचित पिवळा लावावा. पिवळा आणि जांभळा मात्र थेट शेजारी घेऊ नयेत. ते विरोधी रंग असल्याने मध्ये मळकट तपकिरी छटा येते.

साताऱ्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, त्यातही पंख्याखाली, ॲक्रिलिकमधील पाणी लवकर उडते आणि ब्रश खरखरू लागतो. अशा वेळी पाणी वाढवत राहिल्यास रंग फिका पडतो व चिकटपणा कमी होतो, म्हणून रंग सुकणे लांबवणारे रिटार्डर माध्यम थेंबभर मिसळावे, किंवा पॅलेटवर ओल्या टिश्यूवर बटर पेपर अंथरून त्यावर रंग काढावेत. पावसाळ्यात याची गरज फारशी पडत नाही. ॲक्रिलिक सुकल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे पांढऱ्याचे प्रमाण ओल्या अवस्थेत डोळ्यांना पटेल त्याहून किंचित जास्त ठेवलेले चालते.

काम संपताच ब्रश साबणाने धुऊन आडवा ठेवून वाळवावा. उभा ठेवल्यास पाणी धातूच्या पट्टीत उतरून केसांना धरून ठेवणारा गोंद सैल होतो.