फ्रेटलेस गिटार: नेक आणि फिंगरबोर्डसाठी काय निवडाल?

ग्वाल्हेरात फ्रेटलेस, म्हणजे पडदे नसलेली, गिटार करून घ्यायची असेल, तर सुताराकडे जाण्याआधी जिवाजीगंजातल्या सरोद घरात एक चक्कर मारा. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या या वडिलोपार्जित घरात आता वाद्यांचं संग्रहालय आहे. सरोदाला पडदे नसतात. बोटांखाली गुळगुळीत पोलादी पट्टी असते आणि तार दाबतात नखाने. दोन्हीकडून कठीण, म्हणून मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) लांब टिकते. गिटारवर आपण बोटाचं मांस टेकवतो आणि ते सूर खातं. बेस गिटारच्या जाड तारेला फारसं जाणवत नाही, पण गिटारची पहिली तार लगेच विझते. तेव्हा बोटाचा मऊपणा फिंगरबोर्डने, म्हणजे तारांखालच्या पट्टीने, भरून काढायचा.

१. आधी तारा ठरवा. नायलॉन असेल तर चांगलं कठीण लाकूड पुरतं. स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत) तारा मात्र कानशीसारख्या लाकूड खातात; फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) त्या मानाने सौम्य.

२. मग फिंगरबोर्ड. एबनी (आबनूस) सर्वांत भरवशाचं. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे विडीच्या पानांचा तेंदू. त्याचा काळा गाभा कठीण असतो, पण रुंद फळी निघेल इतका क्वचितच मिळतो. शिसवी चालेल, फक्त लाकूडबाजारात ‘शीशम’ म्हणून मिळतं ते बहुधा शिसू असतं, शिसवी नव्हे. लाकूड मऊ वाटलं तर वर इपॉक्सीचे पातळ थर द्या. प्रसिद्ध बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या पडदे काढलेल्या बेसवर मरीन (बोटींसाठीचं) इपॉक्सीच चढवलं होतं. स्टेनलेस पत्रा चिकटवला तर सूर सर्वांत लांब टिकतो, पण लाकूड आणि धातू वेगवेगळे हलतात (फुगतात-आकसतात), तेव्हा चिकटवणारा जाणकार हवा. शिवाय जानेवारीच्या सकाळी तो पत्रा बोटांना झोंबतो!

३. नेक, म्हणजे फिंगरबोर्डाखालची गिटारची मान. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पडदे असलेल्या गिटारचा नेक थोडा वाकडा निघाला तर पडदे घासून भागतं. इथे लाकूड हाच पडदा, बारीकसा उंचवटाही तार झणझणवतो. आणि ग्वाल्हेरची हवा तर मेमध्ये भट्टी, ऑगस्टमध्ये ओली. मेपल, महोगनी उत्तमच. मला मात्र पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचं जुनं सागवान आवडतं, कारण वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड कमी हलतं. खिळ्यांची भोकं टाळा. कापलेल्या टोकाकडून पाहा: वाढीच्या रेघा फिंगरबोर्डाशी काटकोनात उभ्या हव्यात. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच डिंक लावा. दोन्ही दिशांनी चालणारा ट्रस रॉड (नेकच्या आत बसणारी, त्याचा बाक सुधारणारी धातूची सळई) घालाच.

४. पडद्यांच्या जागी मेपलच्या पातळ पट्ट्यांच्या रेघा बसवा. ६४८ मिमी लांबीच्या तारेवर बारावी रेघ ३२४ मिमीवर येते. बोट रेघेच्या मागे नाही, नेमकं रेघेवर.

शेवटी तारा चढवण्याआधी सरळ लोखंडी पट्टी लांबीभर धरून खाली उजेड दिसतो का पाहा. हे मेमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये पुन्हा.