एक्सेलमध्ये तासांची बेरीज चुकतेय? या चुका टाळा

रोज ८:३० तास, असे ६ दिवस, म्हणजे ५१ तास व्हायला पाहिजेत, पण सम लावला की खाली येतं ३:००. मग लोक फॉर्म्युला पुसून परत परत लिहीत बसतात, आणि फॉर्म्युला तर बरोबरच असतो! एक्सेल वेळ म्हणजे दिवसाचा हिस्सा धरतं, २४ तास म्हणजे १, ६ तास म्हणजे ०.२५, आणि साधा टाइम फॉरमॅट घड्याळासारखा चालतो, २४ झाले की परत शून्यापासून. ५१ मधले ४८ तास दोन दिवसांत गेले, उरले ३. बेरजेच्या सेलवर कंट्रोल आणि १ दाबा, कस्टममध्ये जाऊन एच चौकोनी कंसात लिहा, पुढे कोलन आणि दोन एम, झालं, ५१:०० दिसेल. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट, नंबर, ड्युरेशन एवढंच.

पगार काढताना मात्र जास्त जपा. तासाला ८० रुपये रेट आहे आणि ५१:०० ला थेट ८० ने गुणलं तर येतात १७०, कारण सेलच्या आत २.१२५ आहे. आधी २४ ने गुणा, मग ८० ने, ४०८० येतील, आणि त्या सेलचा फॉरमॅट नंबर ठेवा. कोणाच्या तरी आठवड्याच्या कष्टाचे पैसे आहेत, एकदा कॅल्क्युलेटरवर ताळा करून बघाच.

अजून एक, आपण मराठीत वेळ सर्रास ८.३० अशी टिंब देऊन लिहितो आणि हात तसाच चालतो, पण एक्सेलला ती वेळ वाटतच नाही, ६ दिवसांचे ४९.८० होतात. कोलनच द्या.

कधी कधी बेरीज ०:०० येते किंवा कमी भरते, विशेषतः हजेरी मशीनचा डेटा पेस्ट केला असेल तर. तिथे वेळ टेक्स्ट म्हणून आलेली असते, सम ती गुपचूप सोडून देतो, एरर पण दाखवत नाही. सेलमध्ये डावीकडे चिकटलेली वेळ दिसली की संशय घ्या (अलाइनमेंट तुम्ही स्वतः बदलली नसेल तर). कॉलम सिलेक्ट करून डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि सरळ फिनिश दाबा, बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतं.

नाइट शिफ्ट २२:०० ते ६:०० असेल आणि सुटायच्या वेळेतून यायची वेळ वजा केली की नुसते हॅश येतात, कारण उत्तर मायनसमध्ये जातं. ती वजाबाकी मॉड (MOD, भागाकाराची बाकी काढणारं) फंक्शनमध्ये टाका, भाजक १ द्या, ८:०० मिळतील.